हिरव्या ठिपक्याचं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. कारखान्यातल्या जन्माचं काय सांगायचं? मला माणसांत आणलं वॉल्ट ड्वोराकनं. ओहायोतल्या आमच्या संघाचं सगळं सामान तीस वर्षं तोच सांभाळायचा. खेळ फुटबॉलचा, पण आमचा फुटबॉल हातात घेऊन पळायचा, पायाचा संबंध बेताचाच. वॉल्टनं माझ्या कानापाशी छोटासा रेडिओ बसवला आणि मागच्या बाजूला हिरवा ठिपका चिकटवला.

"घ्या, साहेब झालात!" म्हणाला.

खरंच होतं ते. बचावाला उतरणाऱ्या अकरा जणांत ठिपका एकालाच. रेडिओ कुणाकडे आहे, ते पंचांना लांबून कळावं म्हणून. मैदानाच्या कडेवरून कोच चाल सांगायचे आणि ठिपकेवाला ती बाकीच्या दहा जणांना ओरडून सांगायचा. चाल सुरू व्हायला पंधरा सेकंद उरले की कोचचा आवाज आपोआप बंद. आमच्याकडून मात्र तिकडे चकार शब्द जायचा नाही. रेडिओ बिघडलाच तर खेळाडूनं कानावर दोनदा थापटायचं, एवढीच काय ती खूण.

माझ्या वाट्याला डोकं आलं लेव्हॉन प्रूइटचं. वय बत्तीस, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र असा की पलीकडच्या गॅलरीतली माणसं दचकायची. मला चढवण्याआधी तो माझ्या आत तोंड घालून हळूच दोन्ही मुलींची नावं घ्यायचा. "मेव्हिस. ओपल." सहा वर्षांत एकदाही चुकला नाही. माणसांना असल्या सवयी असतात. मला त्या आवडतात.

डिसेंबरातली ती दुपार. समोरचा आडदांड गडी वाकून आला आणि थेट आमच्यावर आदळला. धक्का मी घेतला, पण सगळा नाही. सगळा घेता येत नाही मला.

लेव्हॉन उठला. कानात कोच बोलले, "दोघं डावीकडे, तू मागे थांब!" एरवी त्याच दमात तो ओरडला असता. आज गप्प.

"अरे, बोल की लवकर!" शेजारचा खेकसला.

लेव्हॉननं कानावर थापटलं. एकदा, दोनदा.

कोचनी खेळ थांबवून घेतला. वॉल्ट धावत आला, मला काढून स्वतःच्या कानाला लावलं. रेडिओ तपासायला कोच कडेवरून आकडे मोजत होते, खणखणीत ऐकू येत होतं. वॉल्टनं लेव्हॉनकडे पाहिलं.

"काका, बिघडलाय म्हणा ना," लेव्हॉन पुटपुटला. "हात जोडतो. आज बाहेर बसवलं तर पुढच्या वर्षी मला कोण घेणार?"

"बिघडलाय म्हणतो. आधी मुलींची नावं सांग."

"हे काय आता?"

"सांग तर."

"मेव्हिस," लेव्हॉन म्हणाला. मग त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.

दुसरं नाव मला पाठ होतं. जीव तुटला माझा, पण माझ्याकडून बाहेर काही जात नाही. बिघडल्याचा आळही मी आनंदानं घेतला असता. वॉल्टनं तो घेऊ दिला नाही.

"डॉक्टर!" तो ओरडला. "रेडिओ धड आहे. माणूस बघा!"

लेव्हॉननं त्याला नाही नाही ते ऐकवलं. वॉल्टनं ऐकून घेतलं आणि नखानं माझा ठिपका खरवडून काढला. आणखी एक दणका बसला असता तर याला घरी उचलून न्यावं लागलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. लेव्हॉन पुन्हा खेळला नाही. दोन वर्षं वॉल्टशी बोललाही नाही.

हल्ली मी लेव्हॉनच्या घरी टीव्हीवरच्या फळीवर असतो. ठिपक्याच्या जागी डिंकाचा डाग आहे, त्यावर धूळ बसते. मुली अधूनमधून पुसतात. रविवारी वॉल्ट सामना बघायला येतो, शेंगदाणे खातो आणि सालं जमिनीवर टाकतो. मध्येच लेव्हॉनचा धागा सुटतो. मग तो कानावर दोनदा थापटतो.

"रेडिओ धड आहे रे," वॉल्ट म्हणतो.

"माहितीये, काका. पुन्हा सांगा."

वॉल्ट पहिल्यापासून, सावकाश सांगतो. तो निघताना लेव्हॉन त्याला दारात अडवतो आणि कुणी न विचारता म्हणतो, "मेव्हिस. ओपल."

"बरोबर," म्हणतो वॉल्ट, आणि टोपी घालून जातो.