मिसरच्या सिद्धाचा फोटो

निजामी अमलातली गोष्ट. सेलूच्या बाजारात कापूस तसाच पडून होता आणि सगळं गाव एका मढ्यापुढे लोटलं होतं. मढं म्हणायचं नाही हं, पाप लागतं! चिंध्यांत गुंडाळलेले ते पाच हजार वर्षांचे सिद्धपुरुष, मिसर म्हणजे इजिप्त देशात समाधी लावून निजलेले. हैदराबादच्या अजायबखान्यात मिसरचं मढं आहे, हे लोक ऐकून होतेच. सिद्धाला गावात घेऊन आलेल्या भुजंगबुवाचं निम्मं काम तिथेच झालं.

"सिद्धाला उघडाल तर डोळे जातील!" बुवा गरजायचा. "त्याची चिंधी बांधा, मोडलं हाड सांधंल!"

झरीच्या सटवाजीची मांडी गाडीवरून पडून मोडली होती. बायको बायनाबाई त्याला दवाखान्यात घेऊन निघाली, ती वाटेत बुवाकडेच अडकली आणि मांडीला चिंधी बांधून बसली. पाय भोपळ्यासारखा सुजला.

"बाई, उशीर केलात तर पाय कापावा लागेल," दवाखान्याचे डॉक्टर मार्तंडराव येऊन बजावत.

"चिंदी सोडली तर सिद्धाचा कोप व्हईल की, सायेब!"

शेवटी डॉक्टर बुवाला म्हणाले, "जिनिंग गिरणीच्या विजेवर चालणारं माझं क्ष-किरणांचं यंत्र कापड न सोडता आतली हाडं दाखवतं. विलायतेत मिसरची मढी अशीच तपासतात. काढू फोटो?"

बुवाचं तोंड उतरलं. "सिद्धाला तरास..."

"देवाचं दर्सन घडायलंय, अन् तुमी आडवं का यायलाव?" कापसाचे अडते माणिकराव खेकसले. हलगी लावून सिद्धाला दवाखान्यात नेलं. यंत्रालाही हार घातला!

फोटो उजेडात धरला. सिद्धाला शेपूट होतं.

"मारुतीराया!" माणिकरावांनी लोटांगण घातलं. बुवालाही लगेच हुशारी आली. "बोल बजरंगबली की जय!"

मी शाळामास्तर. कपाळावर हात मारून घेतला.

"पाठीला हे काय आहे, माणिकराव?" डॉक्टरांनी विचारलं.

माणिकराव उठून न्याहाळू लागले. "ही तर कापसाच्या गठाणी आवळायची लोखंडी पट्टी! कडी बी तीच हाय!"

डॉक्टर म्हणाले, "वाळवलेलं वानर आहे. वाकडं होतं, माणसासारखं सरळ निजावं म्हणून पट्टी लावली. बाई, मेलेल्या वानराला सरळ करायला बुवाने लोखंड वापरलं, आणि तुमच्या जित्या नवऱ्याला चिंधी?"

बायनाबाईने चिंधी ओरबाडून बुवाच्या तोंडावर फेकली. "मुडद्या! सायेब, आता माज्या मालकाचा फोटू काडा!"

हाड सरकलेलं होतं. डॉक्टरांनी ते ओढून फळीला बांधलं. पाय वाचला, जरा आखूड राहिला. तेवढा आखूडपणा बुवाच्या चिंधीचा.

बाबांनो, हात जोडायच्या आधी आत काय आहे ते बघा. आणि जो बघूच देत नाही, त्याच्या हाती आपला पाय मुळीच देऊ नका.