कपाटातली बाई

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात फुंकरबाबांनी भूत कोंडलं, असं ऐकून सगळी इमारत लोटली होती. तळमजल्यावर माझं औषधांचं दुकान. मीही गेलो.

बाई निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. हल्ली त्या कपाटाच्या आरशाकडे बघून ओरडायच्या, "ही थेरडी माझ्या घरात कशाला आली?" लेक समजवायची की आई, ती तूच आहेस. त्यावर त्या आणखी बिथरायच्या. बाबांनी आरशावर काळं कापड टाकलं, तीन फुंकरा मारल्या. ओरडणं थांबलं. लोकांनी हात जोडले.

मग बाबांनी मेख मारली: लेकीने उंबरठा ओलांडला की भूत सुटेल. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिने नोकरी सोडली. तीन महिने दोन खोल्या आणि आई. भाजी मी वर पोचवायचो. मला बाबाचा संशय होता, पण बोललो नाही. एकदा ती दारातूनच म्हणाली, "काका, आईचा हात धरते तेव्हा कधीकधी तो पिरगाळावासा वाटतो." आणि दार लावून घेतलं.

बाईंच्या पायाच्या जखमेला पट्टी करायला परिचारिका यायची. एका संध्याकाळी ती आलेली असताना पडदा ओढायचा राहिला, खोलीत दिवा लागला आणि बाई खिडकीकडे बघून किंचाळू लागल्या. शेजारी जमले, बाबा आले. भूत सुटलं, ही बाहेर गेली असणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. लेक भिंतीला टेकून खाली बसली.

परिचारिकेने पडदा ओढला, बाईंना चहा दिला. त्या शांत झाल्या. मग तिने लेकीला उठवून खिडकीशी नेलं आणि पडदा जरासा सारला. बाहेर अंधार, आत दिवा. काचेत लेकीचाच चेहरा.

"स्मृतिभ्रंशात माणूस स्वतःचा म्हातारा चेहरा ओळखत नाही," परिचारिका म्हणाली. "आरसा झाकला की परकी बाई जाते. काम कापडाने केलं."

मंत्र कापडात उतरतो, बाबा पुटपुटले.

"मग या पडद्यावर कोणी फुंकर मारली?"

बाबा चपला शोधू लागले.

लेकीने विचारलं, "म्हणजे आई बरी होईल?"

"नाही. आजार वाढत जाईल. पण त्यांच्याशी वाद घालू नका, विषय बदला. आणि आठवड्यातून दोनदा बाहेर पडा. हे शिकावं लागतं. आमच्या दवाखान्यात दर शनिवारी शिकवतो."

शनिवारी लेक गेली. बाईंपाशी मी बसलो. त्यांनी मला सतराचा पाढा विचारला आणि चुकलो म्हणून कोपऱ्यात उभं केलं.

घरातलं माणूस परक्यासारखं वागू लागलं, तर आधी डॉक्टर गाठा. आणि त्याला सांभाळणाऱ्याला विचारा, तुम्ही शेवटचं बाहेर कधी पडलात? मी हे तीन महिने विचारलं नव्हतं.