सैल पट्टा

"पालथा हात टेबलावर दाबा, मास्तर."

शिंपीमास्तरांनी उजवा हात टेबलावर दाबला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वरच राहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमच्या कपाळाला आठी पडली. वाकलेल्या बोटांच्या ऑपरेशनचे टाके काढले तेव्हा हीच बोटं याहून सरळ होती.

"बोटं सरळ ठेवायचा पट्टा रात्री बांधता ना?"

"ही बांधते. एक रात्र चुकवत नाही."

मास्तरांच्या बायकोने मान डोलावली. ती खरंच चुकवत नव्हती. फक्त मास्तरांना झोप लागली की बोटांवरचा पट्टा सैल करून ठेवायची.

कात्रीच्या कडीत बोटं शिरेनात, तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं होतं. घर तिच्या काज-बटणांवर चाललं होतं, आणि हल्ली तिला सुईचं नेढंही दिसत नव्हतं. हात चालू झाला तर दोन घास सुखाचे, हे काय तिला कळत नव्हतं? पण बोटं वाकली, पंजा उघडेनासा झाला आणि घरात शांतता आली. मुठीनं मारायला गेले तर मास्तरांनाच कळ यायची. स्वभाव तोच होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मॅडम पट्टा घेऊन तिच्या डाव्या बाजूला आल्या.

"बांधून दाखवा बरं, ताई."

ती समोरच बघत राहिली.

"उजवीकडून बोला," मास्तर म्हणाले. "डावा कान कामातून गेलाय तिचा."

"कशानं?"

"जुनं आहे ते. तुम्ही माझ्या हाताचं बघा."

मॅडमनी मास्तरांचा उजवा हात पाहिला. मग समोर बसलेल्या बाईचा डावा कान पाहिला. पट्टा किती घट्ट हवा, ते सांगायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. त्या वळसा घालून उजवीकडे आल्या आणि पट्टा तिच्या मांडीवर ठेवला.

"तुम्हाला वाटेल तसा बांधा, ताई. मी काही म्हणणार नाही."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमना कळलं होतं, आणि कळूनही त्या आपल्या बाजूनं होत्या. इतक्या वर्षांत असं कुणी भेटलं नव्हतं.

सुईच्या नेढ्यासारखंच पट्ट्याचं टोकही तिला दिसेना. तिनं ते चाचपडत शोधलं, मास्तरांच्या बोटांवरून घेतलं आणि ओढलं.

"आई गं. जरा हळू."

तिनं आणखी ओढलं. बोटं सरळ झाली.

मग तिनं आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.