दुनेरिकच्या दाराचा अडसर

मित्रांनो, तबेल्यातल्या ओल्या पेंढ्यावर जे काळपट लाकूड पडले आहे, तो मी, एक जुना अडसर. स्कॉटलंडमधल्या दुनेरिक किल्ल्याचा मोठा दरवाजा मी आतून धरून ठेवत असे.

मी मूळचा ओकवृक्ष. सुताराने मला तासले, मेंढीची चरबी चोळली आणि दारामागच्या खोबणीत बसवले. किल्ल्याचे धनी फर्कर शिकारीहून परतले की बाहेरूनच ओरडत, "अगं ए मरिओटा, उघड लवकर! भुकेनं जीव चाललाय!"

"आधी ते चिखलाचे बूट काढा!" मरिओटाबाई आतून म्हणत. हे ऐकत बाजूला सरकताना मला फार आनंद होई.

मग इंग्रजांची फौज आली. ती पोहोचण्याआधीच फर्कर माणसे घेऊन डोंगरातून कुमक आणायला गेले होते. किल्ल्यात उरल्या बायका, चार म्हातारे पहारेकरी आणि बेथॉक नावाची आचारीण. मरिओटाबाईंनी नवऱ्याचे जुने चिलखत दोरीने आवळून अंगावर चढवले आणि बायकांकडून तटावर दगड रचून घेतले.

शत्रू भल्यामोठ्या ओंडक्याने दरवाजा ठोकू लागला. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात तडा गेला. तो बेथॉकला दिसला.

"बाईसाहेब, हा आता एकदा काढला तर परत बसायचा नाही. दोन तुकडे होतील."

"कुणाला बोलू नकोस. सगळ्याजणी धीर सोडतील," बाई म्हणाल्या. दोघींनी मिळून माझ्याभोवती ओले कातडे घट्ट गुंडाळले.

चौथ्या दिवशी ठोके थांबले. दुपारी असे धुके दाटले की तटावरून खंदकही दिसेना. ती शांतता मला ठोक्यांहून भयंकर वाटली. तेवढ्यात दाराबाहेर आवाज आला.

"बाईसाहेब, मी फर्कर. एकटाच आहे. कृपा करून दार उघडावं."

"धनी आले!" एक म्हातारा पहारेकरी माझ्याकडे धावला. बाईंनी त्याला हाताने अडवले.

"थांबा, काका. लग्नाला अकरा वर्षं झाली. हे मला कधी बाईसाहेब म्हणाले नाहीत."

त्यांनी माझ्यावर कपाळ टेकले. "अहो, लागलंय का तुम्हाला?"

"थोडंसं. बाईसाहेब, आपण सुखरूप आहात ना?"

"आहे." बाईंचा श्वास मला जाणवत होता. "मला कळलं. मी दार उघडणार नाही."

मग फर्कर मोठ्याने हसले. "शाब्बास गं!"

ते हसणे मध्येच तुटले. धुक्यात दबा धरलेली शेकडो पावले धावत आली आणि ओंडका दारावर आदळला.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी मला खांदा लावला. शेजारी बेथॉकने लावला. मी करकरलो, आणखी फाटलो, पण कातड्याने मला धरून ठेवले. वरून दगड बरसत होते.

आठव्या दिवशी कुमक आली आणि शत्रू नदीपार पळाला. फर्कर मात्र सापडले नाहीत, ना जिवंत, ना मेलेले. सरदारांनी येऊन बाईंची वाखाणणी केली, मला थोपटले. त्यानंतर कितीतरी वर्षे कुणी दार ठोठावले की बाई हातातले काम टाकून स्वतः धावत येत.

आता त्या नाहीत. माझ्या जागी केलेला नवा अडसर अंगणातल्या चिखलात पडला आहे. मुले त्यावर उड्या मारतात. दरवाजाला नुसती दोरी बांधतात. "आता कोण येतंय?" असे म्हणत द्वारपाल जांभई देतो.

तबेल्याच्या फटीतून मला नदीपलीकडे धूर दिसतो. मित्रांनो, मला चुलीत घातले तरी चालेल. पण त्या अडसराला चिखलातून उचला, पुसा, त्याच्या जागेवर बसवा. उद्यावर टाकू नका. कालपेक्षा आज धूर जवळ आला आहे.