पिंपळखुट्यांचे हात

पिंपळखुट्यांनी त्या दिवशी चाळीस तोफगोळ्यांना फ्यूज बसवले आणि खमरियाचा अख्खा दारूगोळा कारखाना जागच्या जागी राहिला. पण हे तुम्ही अजून ऐकलंच नाही, असं धरून चला.

पासष्टची लढाई पेटली आणि फ्यूजवाला तापाने पडला. पिंपळखुटे अकरा वर्षं "माझे हात कापतात" सांगून बाहेर पेट्यांवर लेबलं चिकटवत होते.

"पिंपळखुटेजी, आज तुम्हीच बसवा," फोरमन ठोसर म्हणाले.

"साहेब, काहून सगळ्यांना मारून राहिले? एक धक्का, की शेड गेली!"

"चलो, आत."

आत त्यांचे गुडघे कापले, दात कापले, डोक्यावरची टोपीसुद्धा कापली. हात तेवढे दगडासारखे स्थिर. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

संध्याकाळी त्यांनी अर्ज दिला: 'सदर हात माझे नसावेत. तरी योग्य ती चौकशी होऊन मूळ हात परत मिळावेत, ही नम्र विनंती.'