कपाशीतला विळा

सब्राला दोन घास गोड लागत नव्हते. कपाशीची कोवळी रोपं रोज सकाळी जमिनीलगत कापलेली सापडत होती, अगदी विळ्यानं कापावीत तशी. आणि तो विळा कुणाचा, हे तिच्या नवऱ्यानं, अतियानं, ठरवूनही टाकलं होतं. धाकट्या भावाचा, मरझूकचा. बांधावरून दोघांत आधीच धुसफूस होती.

"आज दुपारच्या नमाजानंतर कुराणावर हात ठेवू दे त्याला," अतिया म्हणाला.

"अहो, सख्ख्या भावाला शपथ घालता? मग रावयाचं काय?"

त्यांच्या लेकीचा, रावयाचा, साखरपुडा मरझूकच्या मुलाशी झाला होता. ज्याला शपथ घातली त्याच्याशी सोयरीक टिकली, असं नाईलकाठच्या त्या गावात कधी घडलं नव्हतं.

"चोराच्या घरात पोरगी देऊ होय?" असं म्हणून अतिया तरातरा निघून गेला. एकदा डोक्यात राख घातली की या माणसापुढे बोलणं फुकट.

सब्रा खुरपं घेऊन शेतात धावली. एका कापलेल्या रोपाशेजारची माती उकरली. काही नाही. दुसऱ्याशी उकरली, तिथंही नाही. आता बांग होईल, मग होईल, म्हणून ती भराभरा पुढचं रोप गाठून उकरत गेली. तेवढ्यात ओलसर मातीत, बोटभर खाली, काळपट तेलकट अळी वेटोळं करून निजलेली दिसली. दिवसा झोपायचं, रात्री कापायचं. खायचं थोडं, नासायचं फार. कपाशीआधी या रानात बरसीम, म्हशीचा हिरवा चारा, होता; पतंग त्यातच अंडी घालून गेले होते. बरसीम वेळेवर मोडून रान तापू द्यायचं, तर म्हशीला आणखी एक कापणी हवी म्हणून अतिया अडून बसला, आणि मोडल्याबरोबर त्याच ओलीत कपाशी टोकली. अळ्यांना ताटच वाढून ठेवलं की!

अळी मुठीत धरून ती मशिदीशी पोचली तेव्हा माणसं बाहेर पडत होती. मरझूकनं शपथ घेतली होती.

"भावजी, ही बघा! हिनं कापलं सगळं!"

अतियाची मान खाली गेली.

"माहितेय वहिनी," मरझूक म्हणाला. "माझ्याही रानात आहे. कोंड्यात विष कालवून टाकतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"दादा येऊन विचारेल असं वाटलं होतं. त्यानं विचारलं नाही, शपथ मागितली. दिली." त्यानं चपला पायात सरकवल्या. "साखरपुड्याचं सोनं रावयाकडेच राहू दे. सोयरीक आम्ही मोडतोय, आम्हाला ते परत मागता येत नाही."

"मरझूक!" अतिया मागे धावला. मरझूक थांबला नाही.