बारशाआधीची मुलं

नियाजने घासलेटचा बोळा फळ्यावरून फिरवला आणि एका फटक्यात वीस-पंचवीस पोरं पुसली गेली. बोळ्याची काळी बाजू आत दुमडून त्याने पुन्हा हात फिरवला. आणखी वीस गेली.

"अजून किती काढू, बाई?"

"एकशे सतरा ठेवा. बाकीची सगळी काढा," मंडळाच्या नर्स वत्सलाबाई म्हणाल्या आणि टेबलावरच्या कात्र्या उगाचच एका रेषेत लावू लागल्या.

शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं भिंतीला सारून बालहित मंडळाचं प्रदर्शन मांडलं होतं. तासाभरात ते उघडायचं होतं. दुधाच्या बाटल्या, तान्ह्या मुलाचा तराजू, बाळंतिणीची खाट, आणि दारातून आत येताच डोळ्यांत भरेल असा हा पांढरा रंगवलेला फळा. त्यावर चार चौकोन होते. न्यूझीलंड, इंग्लंड, जपान आणि चौथा आपला, म्हणजे मंडळाने हाती घेतलेल्या जुन्या नाशकातल्या तीन आळ्यांचा. हजार मुलं जन्मली तर वर्षाच्या आत त्यांतली किती जातात, तेवढे काळे ठिपके प्रत्येक चौकोनात. न्यूझीलंडचे बत्तीस, इंग्लंडचे चौसष्ट, जपानचे एकशे एकवीस. आपले दोनशे एकाहत्तर. निदान काल संध्याकाळपर्यंत तरी तेवढे होते.

नियाज हा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. ब्रशाची उलटी दांडी रंगात बुडवून त्याने हे ठिपके एकेक करून उठवले होते, आणि आता तिसऱ्यांदा त्यांच्याशी झुंजत होता. पहिल्यांदा ठिपके पाहून मंडळाचे चिटणीस त्र्यंबकराव म्हणाले, हे तर गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्यासारखं दिसतं, जरा लहान काढा. लहान काढले, तर चौकोन अधिकच गच्च काळा दिसायला लागला. आता म्हणे पुसा. नियाजचं म्हणणं एवढंच होतं, की विडीवाल्याची पाटी बरी, विडीवाला एकदा सांगतो आणि गप्प बसतो.

आता हे एकशे सतरा आले कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

त्र्यंबकराव पेशाने वकील. माणूस वाईट मुळीच नव्हे. मंडळासाठी उन्हातान्हात पायपीट करणारा, घरचा तराजू प्रदर्शनाला आणून देणारा. तोच तर खरा ताप होता. माणूस लबाड असता तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. काल संध्याकाळच्या सभेत त्यांनी वत्सलाबाईंचा वर्षाचा तक्ता वाचून दाखवला आणि सभासदांचे चेहरेच उतरले. मागच्या साली हाच आकडा दोनशेच्या आत होता. मंडळाने नर्स ठेवली, तिला पगार दिला, आणि मुलं कमी मरायची सोडून जास्त मरायला लागली, हा काय प्रकार आहे? एकजण हळूच म्हणाला, बाई पांढऱ्या पायाची दिसते. हळूच म्हणाला खरा, पण वत्सलाबाई बसल्या होत्या ती ओसरी काही फार लांब नव्हती. लग्नानंतर सव्वा वर्षात नवरा गेला तेव्हापासून वत्सलाबाईंना हा शब्द नवा नव्हता. पण पुण्याला जाऊन सुईणपणाची परीक्षा दिली, घरोघर फिरून तक्ता केला, आणि त्या तक्त्यावरही तोच शब्द येऊन बसावा, याची त्यांना भयंकर चीड आली.

मरण वाढलं नव्हतंच. सांगणं वाढलं होतं. बारशाआधी गेलेलं मूल हे आपल्याकडे मूलच धरत नाहीत. त्याला नाव नसतं, त्याचं कुणी बोलत नाही. उजाडायच्या आत फडक्यात गुंडाळून नदीकडे न्यायचं, दूध आटावं म्हणून आईच्या छातीला घट्ट पट्टा बांधायचा, आणि चार दिवसांनी ती पुन्हा कामाला. सटवाईने नेलं म्हणायचं, की झालं. आळीतल्या अनवरीसारख्या मुसलमानांच्या घरी छठीच्या, म्हणजे सहाव्या दिवसाच्या, आधी गेलेल्याचंही असंच. दारात उभं राहून "मूल गेलं का हो?" असं विचारलं, तर छे, छे, काहीतरीच काय, असं उत्तर मिळायचं. पहिले दोन महिने वत्सलाबाई असंच उत्तर ऐकून परतत होत्या. मग त्यांनी विचारायची रीत बदलली. त्या हसत जायच्या आणि विचारायच्या, "बारसं कधी आहे? मला बोलावणार ना?" त्यावर जी बाई गप्प व्हायची, तिच्या शेजारी त्या बसायच्या. कधी अर्धा दिवस बसायच्या.

अशी चोपन्न मुलं त्यांच्या वहीत आली होती. आईचं नाव, जन्माचा दिवस, मरणाचा दिवस, आणि खाली आईचा अंगठा. तीनशे दहा जन्मांत चौऱ्याऐंशी गेली. त्यांतली ही चोपन्न.

त्र्यंबकरावांनी सभा संपल्यावर कंदिलापाशी बसून तेवढीच चोपन्न वगळली. जन्मांतून वगळली, मरणांतून वगळली, आणि भागाकार केला. एकशे सतरा. त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, जपानच्या खाली आलो आपण," ते म्हणाले. "जपान म्हणजे ज्याने रशियाला लोळवलं."

वत्सलाबाईंनी सांगून पाहिलं, की इंग्लंडात तासाभराचं होऊन गेलेलंही मोजतात, मग आपण आपली वगळून त्यांच्या शेजारी बसायचं ही कुठली तुलना? त्यांचं त्यांना, असं त्र्यंबकराव म्हणाले. ज्याला नाव नाही ते तक्त्याच्या रकान्यात घालायचं कसं, हा त्यांना अगदी खरा कायद्याचा मुद्दा वाटत होता. मग ते खऱ्या मुद्द्यावर आले. मुंबईच्या डॉक्टरीणबाई उद्या येणार. पैसे देणाऱ्या तिथल्या विश्वस्तांना त्या कळवणार. प्रगती दिसली तर आळ्यांना बाळंतघर आणि दुसरी नर्स.

"आणि नाही दिसली, तर रविवारच्या सभेत तुमचीच जागा जाते. मी एकटा किती जणांशी भांडू, बाई? तुम्हीच सांगा."

रात्री भाकरी थापताना वत्सलाबाईंनी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक बाजूने त्या चिडल्याच. तीन आळ्यांत उकळलेली कात्री घेऊन जाणारी त्यांच्याशिवाय दुसरी कुणी नव्हती. खरा आकडा ठेवला तर ती कात्री जाणार, आणि खोटा ठेवला तर ती राहणार. सकाळी शाळेत येऊन त्यांनीच नियाजला बोळा घ्यायला सांगितला. निदान दुसऱ्याने सांगून पुसल्याचं बघावं तरी लागू नये.

दहा वाजता दार उघडलं. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. पांढरं लुगडं, डोळ्यांना चष्मा, हातात छोटी वही. त्र्यंबकराव पगडी सावरत त्यांना आधी फळ्याकडेच घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी चारही चौकोन नीट पाहिले, वहीत आकडा टिपला, एका वर्षात इतका फरक पडला याचं कौतुक केलं, आणि दुधाच्या बाटल्यांकडे वळल्या. वत्सलाबाईंकडे पाहून त्या हसल्यासुद्धा. वत्सलाबाईही हसल्या. सगळं सुरळीत झालं, आणि त्या पुन्हा कात्र्या एका रेषेत लावू लागल्या.

अकराच्या सुमाराला आळ्यांतल्या बाया आल्या. मुलांना दूध वाटणार असं कुणीतरी सांगितलं होतं. अनवरी आली, मालनबाई आली, आणि मागून सरुबाई आली, एकटीच. सरुबाई आणि तिचा नवरा काळू पेठच्या डोंगरातून कामाला उतरलेले, आता आळीच्या टोकाला झोपडं करून राहायचे आणि वीटभट्टीवर जायचे. गेल्या आषाढात तिला मुलगी झाली आणि सहाव्या दिवशी आखडून गेली. तिचा अंगठा मिळवायला वत्सलाबाईंना चार खेपा पडल्या होत्या. लिहून काय व्हतं, असं ती दर खेपेला विचारायची. चौथ्या खेपेला वत्सलाबाई कंटाळून म्हणाल्या होत्या, काही होत नाही, फक्त तुझी मुलगी झाली होती एवढं कुठेतरी राहतं. तेव्हा तिने अंगठा पुढे केला होता.

ती फळ्यासमोर थांबली. वाचता येत नव्हतं, म्हणून वत्सलाबाईंना विचारलं. वत्सलाबाईंनी सांगितलं, एक ठिपका म्हणजे वर्षाच्या आत गेलेलं एक मूल. हा एक देश, हा दुसरा, हा तिसरा. सरुबाई न्यूझीलंडच्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिली. पांढरा फळा आणि त्यावर विरळ बत्तीस ठिपके.

"हितल्या बाया सांगत नसतील," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमी तरी कुठं सांगत व्हतो? तुमी दारात येऊन बसला, तवा सांगितलं. तिकडं कुनी इचारायला गेलं नसंल."

वत्सलाबाईंना हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर ती समाधानाने दुधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली असती. जगभर सगळीकडे सारखंच आहे, सटवाई सगळ्यांकडे येते, एवढं तिला पुरलं असतं. पण कालपासून गिळलेलं इतकं साठलं होतं, की आणखी एक गिळायला आता जागाच उरली नव्हती.

"नाही, सरू. तिकडे सांगतात. पहिल्या दिवशी गेलेलंसुद्धा सांगतात. तिकडे एवढी मरतच नाहीत."

"मंजी जगत्यात?"

"जगतात."

सरुबाईने पदर दातात धरला आणि सोडला.

"मंग माझी?"

वत्सलाबाईंनी खाली बघत सांगितलं. सासूने ज्या विळ्याने नाळ कापली, त्यावरची घाण पोरीच्या अंगात गेली. ते आखडणं त्याचंच. उकळलेल्या कात्रीने कापली असती तर बहुतेक जगली असती. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे आपण करायला नको होतं. सात महिने ही बाई देवाची मर्जी म्हणून जगत होती, आणि आपण आपला राग तिच्या पदरात टाकून मोकळ्या झालो.

सरुबाई रडली नाही. तिने चौथा चौकोन दाखवला.

"ह्यो आपला ना? ह्यात माझी कुठली?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "यात नाही."

"तुमी अंगठा घेतला व्हता."

"घेतला होता."

"मंग लिवा."

ती हे वीटभट्टीवर हाका मारायच्या आवाजात म्हणाली. दुधाच्या टेबलाशी बाया बोलायच्या थांबल्या. त्र्यंबकराव लगबगीने आले, हसतच आले, आणि सरुबाईला समजावू लागले, की दूध तिकडे वाटतात, इकडे नुसती माहिती आहे. सरुबाई हलली नाही. मागे अनवरी येऊन उभी राहिली, तिच्या शेजारी मालनबाई. दोघींचेही अंगठे वहीत होते; त्याही फळ्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई वही मिटून जवळ आल्या.

"काय म्हणते आहे ही?" त्यांनी विचारलं.

काही नाही, मजूर बाई आहे, मागच्या साली मूल गेलंय तिचं, त्र्यंबकराव म्हणाले. मग त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या बघण्यात धमकी अजिबात नव्हती. नुसती विनवणी होती, आणि रविवारची सभा होती. वत्सलाबाईंना त्यांची कीव आली. बिचारे वर्षभर राबले होते.

"मी यांना विचारलं," डॉक्टरीणबाई वत्सलाबाईंकडे वळून म्हणाल्या. "काय म्हणते आहे?"

"आकडा चुकलाय म्हणते आहे."

"चुकलाय?"

"हो. दोनशे एकाहत्तर पाहिजे. बारशाआधीची मुलं आम्ही काढून टाकली. आज सकाळी काढली, मीच काढायला सांगितली."

त्र्यंबकरावांनी पगडी काढून बाकावर ठेवली आणि तिथेच बसले. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली, मघाशी लिहिलेलं खोडलं आणि त्याच्याखाली दुसरा आकडा लिहिला. कौतुकाचं त्या आता काहीच बोलल्या नाहीत. पुढे काय लिहिणार, तेही त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

सरुबाई त्यांच्या हाताकडे बघत होती. लिहून होईपर्यंत ती थांबली, आणि मग वत्सलाबाईंच्या जवळ सरकून तिने हळूच विचारलं,

"त्यात माझी धरली ना?"

"धरली," वत्सलाबाई म्हणाल्या.